सीटखालची टाकी

आमच्या जीपची पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली होती. माणसाला नेमकं पेट्रोलवर बसवून लढायला पाठवण्यात काय शहाणपण होतं, ते ज्याने ही गाडी लष्करासाठी आखली त्यालाच ठाऊक. पण सोय होती. पेट्रोल भरायचं झालं की चालवणाऱ्याला उठवायचं, गादी उचलायची आणि टाकीचं झाकण फिरवायचं. किती उरलंय ते बघायलाही तेच करायचं. पेट्रोलचा काटा मी कधी हललेला पाहिला नाही, म्हणून आम्ही बांबूची एक कांब करून ठेवली होती. ती टाकीत बुडवून वर काढायची. जितकी ओली, तितकं पेट्रोल.

जीप आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावात घेतली होती. निर्मळला आमची केळीची आणि फुलांची वाडी. माल सोपाऱ्याच्या स्टेशनवर न्यायला बैलगाडी पुरत होती. जीपची गरज नव्हती, आबांना ती हवी होती, एवढंच. पन्नाशीला टेकलेला माणूस गाडी चालवायला शिकतो हे पाहायला तेव्हा आळीतली माणसं ओट्यावर येऊन बसत. आबा शिकले. सकाळी फुलांच्या करंड्या आणि केळीचे घड स्टेशनवर उतरवायचे आणि येताना वाटेत जो चालत असेल त्याला बसवून आणायचे. बसणाऱ्याने "किती द्यायचे?" विचारलं तर त्यांना राग येई.

आळीत जीप एकच. त्यामुळे ती आमच्या एकट्याची राहिली नाही. कुणाच्या मुलीची पाठवणी, कुणाची विहिरीवरची मोटर दुरुस्तीला न्यायची, कुणाला विरारला देवीला जायचंय. घरात आईचे दोन नियम होते. खोटं बोलायचं नाही आणि दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम महाग झालं तेव्हा या दोन नियमांच्या मधून जीप वाचवायची कशी, हा प्रश्न घरापुढे आला. मी तेव्हा हायस्कुलात शिकवत होतो आणि बरंच वाचलेला माणूस समजला जात होतो. तोडगा मीच काढला. टाकीत पेट्रोलच ठेवायचं नाही. ते डब्यात भरून मागच्या पडवीत, कणगीच्या आड ठेवायचं. आपल्याला जायचं असेल तेव्हा लागेल तेवढं ओतायचं. कुणी मागायला आलं की गादी उचलायची, कांब बुडवायची आणि कोरडी कांब त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. खोटं नाही आणि नकारही नाही.

आईला हे पटलं. निदान तिने हरकत घेतली नाही. आबांना पटलं नाही.

"मागणारा कांबेकडे बघत नाही," ते म्हणाले. "आपल्या तोंडाकडे बघतो."

"पण कांब खोटं बोलत नाही, आबा."

"तिला तोंड नाही म्हणून."

तरी त्यांनी माझं ऐकलं. शिकलेल्या मुलाचं ऐकायचं, असं त्यांनी ठरवलेलं असावं. पाच-सहा वर्षं आम्ही असं चालवलं. शेजारीही तयार झाले. ते दारात येऊन आधीच विचारत, "पेट्रोल असेल का रे टाकीत?" म्हणजे नाही म्हणायचं अवघड काम अर्धं तेच करून टाकत.

ऐंशीच्या आसपास जीप वाटेत बंद पडू लागली. घरून नीट निघायची, मैल-दोन मैल जायची, मग गचके देत थांबायची. आबा खाली उतरत नसत. स्टिअरिंगवर हात ठेवून दहा मिनिटं बसून राहत, पान खात, मग बटण दाबत. गाडी सुरू. पुन्हा मैलभर जाऊन तोच प्रकार. आम्ही इंजिन दाखवलं, प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुऊन घेतला. टाकीच्या खालच्या अंगाला पेट्रोल पाझरल्याची ओल दिसायची, तिथे आबा कपडे धुण्याचा साबण घासत. तेवढ्यापुरतं बंद व्हायचं. घरातला साबण कुठे जातो, याची आईची तक्रार मात्र बंद झाली नाही.

दहा मिनिटं बसल्यावर गाडी आपोआप सुरू होते, हे मला विचित्र वाटलं. यंत्राला विश्रांती लागत नाही, माणसाला लागते. आबा तेव्हा सत्तरीकडे आले होते. मी निष्कर्ष काढला. बोललो नाही, पण काढला. आबांना दम लागतो, पाय क्लचवर नीट पडत नाही, आणि ते गाडीचं नाव पुढे करतात.

तो निष्कर्ष गावानेही काढायला एक समारंभ कारण झाला. आमच्या वाचनालयाला नवी खोली मिळाली होती. पुस्तकांना कपाट नव्हतं, पण उद्घाटनाला पाहुणे होते, कुठल्याशा महामंडळावरचे. त्यांना गासपासून निर्मळपर्यंत उघड्या जीपमधून मिरवत आणायचं असा ठराव झाला. मी समितीत होतो. चालत आणा, रस्ता छान आहे, असं मी सुचवलं. ते इतिवृत्तात आलं नाही. जीपला पुढे केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. पाहुणे मागे दांडीला धरून उभे, पुढे बँड, आणि चालवायला आबा, धुतलेली टोपी घालून.

पहिल्यांदा जीप थांबली ती चिंचेपाशी. हात जोडून उभा असलेला माणूस थांबलेल्या गाडीत किती वेळ हात जोडून राहू शकतो, हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. बराच वेळ राहू शकतो. दुसऱ्यांदा ओढ्यावरच्या मोरीवर थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा पाहुणे एका कार्यकर्त्याच्या स्कूटरवर मागे बसून, हार सांभाळत निघून गेले. बँडवाल्यांना जीपच्या पुढे राहायला सांगितलं होतं. ते जीपच्या पुढे उभे राहून वाजवत राहिले. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत होते.

संध्याकाळी समितीचे दोघे घरी आले. "मास्तर, राग मानू नका," एकजण म्हणाला, "पण आबांचं आता वय झालं. एखाद दिवशी कुठे घालतील गाडी."

मी राग मानला नाही. मला बरंच वाटलं, मी जे बोलत नव्हतो ते दुसऱ्या कुणी बोललं याचं. त्याच आठवड्यात मी आचोळ्याच्या एका वीटभट्टीवाल्याशी बोललो. त्याला भट्टीवर वापरायला जीप हवी होती. येत्या रविवारनंतरच्या रविवारी तो बघायला येणार असं ठरलं. हे मी आबांना जेवताना सांगितलं. त्यांनी भात कालवणं थांबवलं नाही.

"वीक," ते म्हणाले. "पण आधी दोष शोध."

"एवढे दिवस शोधतोच आहोत."

"गाडीत आहे की माझ्यात, ते बघ. गाडीत असेल तर तसली गाडी मी दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही. माझ्यात असेल तर चावी तुझ्याकडे. मी पुन्हा मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला आचोळ्यात एका मिस्त्रीकडे जीप नेली. वाटेत ती तीनदा थांबली. मिस्त्री खाडीकाठच्या घरातला, त्याचं लहानपण मिठागरावर गेलेलं. त्याने इंजिनाचं झाकण उघडलंच नाही.

"थांबली की काय करता?" त्याने आबांना विचारलं.

"बसतो."

"किती वेळ?"

"पान संपेपर्यंत."

"आनि मग चालते?"

"चालते."

त्याने मान हलवली. मग सीट काढली, नळी सोडवली, पट्ट्यांचे नट ढिले करायला गेला तर ते हातातच तुटून आले. टाकी बाहेर काढून त्याने उरलंसुरलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली उन्हात धरली.

"बगा मास्तर. वर पेट्रोल, खाली पानी. आनि त्याच्या खाली हे."

तळाला बोटभर तांबडा गाळ होता, विटेच्या चुऱ्यासारखा. टाकी हलवली तर आत पापुद्रे खुळखुळले. हे पापुद्रे नळीच्या तोंडावर ओढले जातात, त्याने सांगितलं. पेट्रोल अडलं की गाडी मरते. मग ओढ थांबते, पापुद्रे सुटून खाली बसतात. दहा मिनिटांनी नळी मोकळी. त्याने टाकी डोळ्यांसमोर उलटी धरली. साबणाचा थर खरवडल्यावर पत्र्यात चाळणीसारखी भोकं दिसली, आणि भोकांतून आचोळ्याचं आकाश.

"झाळून भोकं बुजवता नाही येणार?" मी विचारलं.

"पेट्रोलच्या टाकीला आग लावून मरू? माझं लगीन व्हायचंय अजून," तो म्हणाला. "आनि झाळनार काय? पत्रा आहे कुठे? गंजालाच रंग दिलाय." मग बाटली पुन्हा हलवत म्हणाला, "पन ही आतून सडली. वरून पाऊस लागून नाय. भरलेल्या टाकीत हवा नसते. रिकामी ठेवली तर आपली खारी हवा आत, पहाट गार पडली की पत्र्याला आतून घाम. रोज थोडा. वर्षानुवर्षं. रिकामी कोन ठेवत होता ही?"

मी कांबेकडे बघत होतो. ती जीपच्या मागच्या बाजूला पडली होती. आबा माझ्या शेजारी उभे होते. ते काय बोलतील याची मी वाट पाहिली. ते खोटं बोलत नसत.

"पेट्रोल महाग झालं ना," आबा म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पेट्रोल महाग झालंच होतं. माझीच युक्ती त्यांनी माझ्यासाठी वापरली, आयुष्यात बहुधा एकदाच. मिस्त्री "हां, ते आहेच" म्हणाला आणि पाने-पकडी पुसू लागला.

नवी टाकी मिळण्यासारखी नव्हती. मिस्त्री आणि मी कुर्ल्याला जाऊन जुन्या गाड्यांच्या ढिगातून तशीच एक शोधून आणली. तिथला दुकानदार तिच्या मजबुतीबद्दल बरंच बोलला. मिस्त्रीने ते ऐकून घेतलं आणि आत बोट घालून वास घेतला. टाकी आमच्या वाडीत आणून तोंडं बुचांनी बंद केली आणि बावखलात, म्हणजे ज्या तळ्याचं पाणी आम्ही केळींना देतो त्यात, दोन्ही हातांनी दाबून धरली. टाकीला पाण्याखाली धरून ठेवणं सोपं नसतं. आम्ही तिघे गुडघाभर पाण्यात उभे राहून बुडबुड्यांची वाट पाहत होतो. कुठल्याही उद्घाटनात मी इतका वेळ इतक्या गांभीर्याने उभा राहिलेलो नाही. एकही बुडबुडा आला नाही. मग तीन दिवस ती उन्हात उलटीपालटी वाळवली, बाहेरून लाल रंग दिला, सीटखालच्या खळग्यातलं पाणी वाहून जायचं जुनं भोक मातीने बुजलं होतं ते मोकळं केलं, खाली रबराच्या पट्ट्या टाकल्या आणि टाकी बसवली.

"आता तोंडापर्यंत भरा," मिस्त्री म्हणाला. "आनि भरलेलीच ठेवा. नायतर पाच वर्षांनी पुन्हा याल माझ्याकडे."

मी घरात जाऊन कणगीआडचा डबा आणला. आबांनी गादी उचलून धरली, मी ओतलं. आमच्या घरात चूक कबूल करायची पद्धत नव्हती, आणि मी तेव्हा तरी नवी पाडली नाही. डबा रिकामा झाला तो आईने उचलला. "रॉकेलला होईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांबरोबर बसून स्टेशनवर गेलो. जाताना करंड्या होत्या, येताना आम्ही दोघेच. मी शिक्षक आहे, परीक्षा घेताना चेहरा कोरा ठेवायची मला सवय आहे. तरी गास मागे टाकताना मी सीटची कड धरली होती. चिंच गेली. इंजिनाचा सूर बदलला नाही. मोरी जवळ आली, आणि मोरीवर जीप थांबली.

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"पडली नाही," ते म्हणाले. "मी बंद केली."

रस्त्याच्या कडेला डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली आमच्या आळीतली एक वहिनी उभी होती. ती मागे चढली. आबांनी बटण दाबलं. बाकी वाट मी आजूबाजूच्या केळी बघत आलो.

रविवारी वीटभट्टीवाला आला. त्याने जीपला फेरी मारली, टायर लाथाडले, गादी उचलून लाल टाकी बघितली. मी त्याला सांगितलं की गाडी विकायची नाही.

"मग बोलावलंत कशाला, मास्तर?"

"चालवणारा थकला असं वाटलं होतं."

त्याने ओट्यावर पान लावत बसलेल्या आबांकडे पाहिलं. "आणि आता?"

"थकला नव्हता. टाकी गंजली होती."

"कशाने?"

खोटं न बोलता निसटायचे दोन-तीन मार्ग मला तेव्हाही दिसले. "माझ्यामुळे," मी म्हणालो. "मी ती रिकामी ठेवत होतो." आबांनी पानाला चुना लावणं थांबवलं नाही, पण एकाच पानाला ते फार वेळ लावत होते. वीटभट्टीवाला चहा पिऊन गेला.

दुपारी समोरचा शेजारी दारात आला. त्याच्या बहिणीला विरारहून सामानासकट आणायचं होतं. त्याने सवयीने, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच विचारलं, "पेट्रोल असेल का रे टाकीत?" आणि परत जायला अर्धा वळलासुद्धा.

"आहे," मी म्हणालो.

तो थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. आबा म्हणत होते ते खरं होतं, माणसं तिथेच बघतात.

"आहे?" तो म्हणाला. "मग… कपडे बदलून येतो." त्याने जायची तयारी केलेलीच नव्हती.

आबांच्या पायांत मात्र चपला आधीच होत्या.