इंजिन गरम होऊ द्या

आमच्या सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर नेहमी तक्रारीच घेऊन येतो. कुणाची गाडी कुणाच्या आड लागली, टँकरवाला गेटवर खोळंबलाय, असलं काहीतरी. त्या संध्याकाळीही मी फोन उचलला तो "आता काय?" असं म्हणतच. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या मैत्रीण जिन्यात बसल्यात. हाका मारल्या, पण बोलत नाहीत." मी पहिल्या मजल्यावर राहते, रत्ना तिसऱ्यावर. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून, भाजीची पिशवी मांडीवर नीट धरून. दम खायला माणूस बसतं तशी. मी तिचा खांदा हलवला, आणि मग कळलं... हॉस्पिटलमध्ये त्यांनी हृदयाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं नाही. आता काही आठवडे झाले. भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, "त्यांना आधी काही त्रास होता का हो?" मी "नाही" म्हणून मोकळी होते, कारण खरं उत्तर लांब आहे आणि ते एका मोटारीपासून सुरू होतं.

रत्ना अमरावतीची. इंजिनिअरिंगला म्हणून पुण्यात आली आणि इथलीच झाली, तरी राग आला किंवा आनंद झाला की तिच्या तोंडून "का"च्या जागी "काहून" बाहेर पडायचंच. मी नारायण पेठेत जन्मलेली, त्यामुळे ती मला सांगायची, "तुमच्याकडे माणसाला या म्हणतात तेही जा म्हटल्यासारखं." एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत इंजिनांची चाचणी घ्यायचं तिचं काम. नव्या नोकरीत असताना तापलेल्या इंजिनाचं झाकण घाईत उघडलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग शेवटपर्यंत होता. तेव्हापासून तिने एक नियम केला होता: गरम इंजिनाला हात लावायचा नाही. आधी थंड होऊ द्यायचं, मग उघडायचं. कामावरचा नियम कामावर ठेवून येणारी ती बाई नव्हती. चहा कोमट झाल्याशिवाय प्यायची नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं तरी उत्तर त्या दिवशी द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे दार वाजवून म्हणायची, "काल तू जे बोललीस ना, त्यातलं निम्मं चूक होतं." मला अशा वेळी तिचा गळा धरावासा वाटे. भांडणाला भांडणाच्या वेळी उत्तर द्यावं, एवढी साधी माणुसकी या बाईला नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

तिचा नवरा मिलिंद सॉफ्टवेअरमधला. हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसेस भरभरून जायला लागल्या, त्या पहिल्या काही वर्षांतला. उंच, बडबड्या, कुणाच्याही घरात सरळ स्वयंपाकघरापर्यंत येणारा. परदेशात काम करून आला आणि हौसेनं एक जुनी जर्मन गाडी घेतली. चंदेरी रंगाची, सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप, हवा कोंबून कोंबून इंजिनात भरणारा, हे मला मिलिंदनंच समजावलं होतं. "नागपूरची वहिनी जशी मला पुरणपोळी वाढते ना, तसं," म्हणाला होता. गाडीनं जोर घेतला की त्या पंपाची बारीक शिट्टी वाजायची, आणि ती ऐकायला तो उगाचच कात्रजच्या घाटात जाऊन यायचा. पुढे एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. साधी वाटली होती. ती उतरलीच नाही. दवाखान्यात नेला तो चालत गेला होता, हे मला अजून खरं वाटत नाही.

रत्ना रडली नाही. तिच्या घरी बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जिन्यापर्यंत बसली होती, आणि ही सगळ्यांना पाणी हवं का विचारत फिरत होती. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं दगड आहे. मला मात्र माहीत होतं, ती थंड व्हायची वाट बघतेय. आणि ते काही थंड होत नव्हतं.

त्यातच गाडी बिघडली. सकाळी चालू करावी तर शहाण्यासारखी चाले. पण गावात शिरून तापली, सिग्नलला थांबली, की इंजिनाला धाप लागायची. आवाज चढायचा, पडायचा, चढायचा, पडायचा, आणि मग एक आचका देऊन गाडी बंद. मागचे हॉर्न आणि पुणेरी आशीर्वाद वेगळे. एका गॅरेजनं प्लग बदलले, दुसऱ्यानं सेन्सर बदलला, तिसऱ्यानं मान हलवून सांगितलं की सुपरचार्जर गेला, म्हणजे इंजिनच गेलं, याचं आता काही होत नाही. मिलिंदचे मोठे भाऊ प्रकाशदादा तेव्हा नागपूरहून आले होते. व्यवहारी माणूस, मनानं वाईट नाही. त्यांनी भंगारवाला ठरवूनही टाकला. "रत्ना, गाडी पाहून पाहून तुले त्रासच होते. दिवाळीच्या आत नेऊ दे," म्हणाले. रत्ना म्हणाली, "दादा, इंजिन गेलं असेल तर न्या. पण गेलं आहे हे मला दिसलं पाहिजे. कुणीतरी सांगितलं म्हणून मी काही सोडणार नाही." ती गाडीबद्दलच बोलत होती का, हे त्या वेळी खोलीतल्या कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतरचे रविवार आम्ही पार्किंगमध्ये काढले. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, मी टॉर्च धरायला. तिनं मला समजावलं ते असं: इंजिन हवा घेतं, आणि गाडीचा कॉम्प्युटर ती हवा दारातच मोजतो, मोजून तेवढंच पेट्रोल देतो. पण कुठल्या तरी नळीला चीर पडली आणि मागच्या दारानं न मोजलेली हवा आत यायला लागली, की सगळा हिशेब चुकतो. गाडी उभी असताना इंजिन आतून हवा ओढत असतं, म्हणून तिथे धाप. "याला व्हॅक्युम लीक म्हणतात. इंजिन गेलं नाहीये, नीला. ते चुकीचा श्वास घेतंय," ती म्हणाली. ती एक रबरी नळी घेऊन यायची, एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवत, डोळे मिटून कुठे फुसफुस ऐकू येते का बघायची. ऐकू काही येत नव्हतं. मग एका सकाळी वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा धूर खिडकीच्या फटीकडे ओढला जाताना तिला दिसला आणि तिला युक्ती सुचली. म्हणजे, धुरानं गळती शोधतात हे तिला प्रयोगशाळेतून ठाऊक होतंच, पण तिथे त्याचं मशीन असतं. आम्ही बिस्किटांच्या डब्यात धूप पेटवला, झाकणाला दोन भोकं पाडली, एकीकडून सायकलचा पंप आणि दुसरीकडून नळी थेट इंजिनाच्या पोटात. मी पंप मारायचा, तिनं टॉर्च घेऊन वाकून बघायचं. सगळ्या पार्किंगला देवळाचा वास. तळमजल्यावरचे जोशीकाका येऊन म्हणाले, "पूजा उरकली की प्रसाद पाठवा." धूर मात्र कुठूनच बाहेर येईना. पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळी जवळ येत चालली होती, आणि रत्नाच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

शेवटी मी वैतागले. खांदे दुखत होते माझे. मी म्हटलं, "मला एक सांग, ही आजारी पडते कधी?" ती म्हणाली, "तापल्यावर. सिग्नलला." "आणि तू तपासतेस कधी?" तिनं बॉनेटखालून मान वर काढली. दर रविवारी सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गार गाडीत आम्ही धूर सोडत होतो, तिच्या नियमाप्रमाणे. हातातलं फडकं खाली टाकून ती म्हणाली, "बस गाडीत."

आम्ही खडकवासल्यापर्यंत गेलो आणि धरणाच्या भिंतीपाशी न थांबता तसंच वळून आलो. ड्रायव्हरची सीट मिलिंदच्या पायांच्या मापानं मागे सरकवलेली होती. तिनं ती कधी पुढे घेतली नव्हती, पाठीशी एक जाडजूड उशी घेऊन चालवायची. येताना दोनदा गाडी बंद पडली. पार्किंगमध्ये शिरल्या शिरल्या तिनं बॉनेट उघडलं. वाफेसारखी झळ तोंडावर आली. मी म्हटलं, "रत्ना, हात..." तिनं ऐकलं नाही. नळी जोडली, मी पंप मारला, आणि सुपरचार्जरच्या खालून, जिथे टॉर्चसुद्धा पोचत नव्हता अशा अंधारातून, धुराची एक बारीक रेघ सावकाश वर आली. तिनं तसाच आत हात घातला. भाजत होतं तरी बोटांनी चाचपत राहिली. खाली तेलाच्या वाफेची एक वाकडी रबरी नळी होती, तेलानं मऊ पडलेली, बुडाशी फाटलेली. गार असताना चिरेचे ओठ मिटून बसत, तापलं की उघडत. एवढंच होतं ते. बोटभर लांबीचं रबर.

रत्ना गाडीच्या चाकाला टेकून खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. आवाज करून, मोठ्यानं, लहान मुलासारखी. "काहून गेला गं तो... एवढुशी तर कावीळ होती... काहून कुणाला सापडलं नाही..." मी तिच्याजवळ बसले. तिची बोटं लाल झाली होती. धूप अजून जळतच होता. जोशीकाका गॅलरीत आले आणि आमच्याकडे पाहून हळूच दार लावून आत गेले.

नवी नळी नाना पेठेत मिळाली, तीही दुसऱ्या कुठल्या गाडीची, कापून बसवलेली. गाडी सिग्नलला अशी स्थिर उभी राहायला लागली की बंद पडली की काय असं वाटावं. भंगारवाल्याला तिनं स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. आणि नियम बदलला का? नाही. चहा कोमटच प्यायची. गाडीपुरता मात्र बदलला. पुढे कितीतरी वर्षं दर रविवारी ती गाडी चालू करून बराच वेळ तशीच ठेवायची, कानाला नळी लावून बॉनेटपाशी उभी राहायची. "थंड असताना सगळेच शहाणे असतात," म्हणायची. "गरम झाल्यावर ऐकायचं."

आणि हीच बाई... इथे मला अजूनही तिचा राग येतो, तो लिहूनही कमी होत नाही. यंदा जिना चढताना तिला दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्याशी थांबायची, पिशवी कठड्यावर ठेवायची, माझ्याशी काहीतरी बोलायचं आहे असं दाखवायची. मी मागे लागून तिला तपासायला पाठवलं. तिथे गार हवेच्या खोलीत तासभर बसवून, मग आडवं झोपवून त्यांनी तिच्या छातीचा आलेख काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवूनही एकदा बघू. ही म्हणाली, दिवाळीनंतर बघू. घरी येऊन कागद माझ्यासमोर नाचवला. "बघ, एकदम नॉर्मल." मी म्हटलं, "अगं, झोपून काढलाय तो. तुला दम लागतो जिन्यात. गार गाडीत धूर सोडून आलीस तू." ती खूप हसली, खोकला येईपर्यंत हसली, आणि म्हणाली, "मी काय गाडी आहे?"

तिसऱ्या गॅरेजनं इंजिन गेलं म्हणून सांगितलं तेव्हा जिनं ऐकलं नाही, तिनं एका कागदावर विश्वास ठेवला. कारण त्यावर तिला हवं ते लिहिलं होतं, दुसरं काय. मिलिंद गेल्यावर दवाखान्याची तिला धास्ती बसली होती, हे मला कळत होतं. पट्ट्यावर तापायला तिथे परत जायची तिची तयारी नव्हती. पण कळत असलं म्हणून राग जात नाही. आम्हाला तिचं ते "दिवाळीनंतर" मिळालंच नाही.

गेल्या रविवारी प्रकाशदादा आले. आता तेही थकलेत, काठी घेऊन चालतात. तिचं घर आवरायला आले होते. गाडीची किल्ली माझ्याकडे होती, कारण रविवारी मीच चालू करते, दुसरं कुणी नाही. आम्ही खाली गेलो. सीट तशीच मागे सरकलेली, उशी तशीच. उशीला मधोमध तिच्या पाठीचा खळगा पडलाय. मी टोकावर बसून किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. दादा म्हणाले, "छान चालू आहे की. नेणारा कोणीही नेईल. करा बंद."

मी म्हटलं, "थांबा, दादा. इंजिन गरम होऊ द्या."

ते काठी टेकून बॉनेटपाशी उभे राहिले. तिची रबरी नळी डिकीतच होती, मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक टोक कानाला लावलं. हळूहळू काटा वर चढला, पंखा सुरू झाला, पत्रा तापला. इंजिन एका लयीत चालत राहिलं, कुठे धाप नाही, आचका नाही. बऱ्याच वेळानं दादांनी नळी कानावरून काढली. त्यांचे डोळे भरले होते.

"काहीच खराबी नाही हो हिच्यात," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "हिला मात्र तिनं नीट तपासलं होतं."