थंडीतच उघडणारी चीर

"आधी हवा," असं म्हणून ते उजवा हात पालथा करून पुढे धरायचे. समोर जहाजाचं इंजिन असो, टेबलफॅन असो की आमच्या घरचा राइस कुकर. हवा कुठून येते, कुठे अडते, हे पालथ्या हाताला आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. "मग तेल. बाकीचं नंतर."

वाक्य संपेपर्यंत ते दुसऱ्या कोपऱ्यात पोचलेले असायचे. त्यांना बसलेलं पाहिलेला माणूस वर्कशॉपमध्ये सापडला नसता. चहासुद्धा उभ्याने, तोही अर्धा. उरलेला अर्धा कुठल्या खिडकीत, कुठल्या टूलबॉक्सवर सापडेल याचा अंदाज बांधणं हे माझ्या रोजच्या कामांपैकी एक होतं.

त्यांना सगळे चीफ म्हणत. बोटीवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून चीफ. मूळचे भुसावळचे, वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, आणि मग जमिनीवर त्यांचं मन रमलं नाही. सिंगापूरला जुरोंगच्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी कामांचं वेळापत्रक आणि सुटे भाग सांभाळायचे, तिथे ते 'मधल्या काळापुरते' आले होते. क्वीन्सटाउनला आमच्याच ब्लॉकमध्ये एक खोली घेऊन राहायचे. खोलीत खुर्ची नव्हती. दाराआड निळी बॅग मात्र कायम भरलेली.

"कशाला भरून ठेवलीय?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, बोलावणं आलं की बॅग भरत बसायचं नसतं."

बोलावणी यायची. अडायचं ते डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर. समुद्रावर परत जायचं तर तपासणी करून घ्यायला हवी, आणि चीफ ती पुढे ढकलत होते. "पुढच्या आठवड्यात," हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. इतका घाईचा माणूस एवढ्या एका कामात चालढकल का करतो, हे मला कोडं होतं. मी तारखा लावणारी बाई, मला त्या 'पुढच्या आठवड्या'चा रागच यायचा.

आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आम्हाला एक मजला पायी चढावा लागायचा. चीफ धडाधड निघायचे आणि निम्म्यावर थांबून भिंतीवरच्या पाइपाकडे बघायचे. "गंज चढलाय बघा. कोणी लक्ष देत नाही." दरवेळी तोच पाइप. तुम्ही असता तर तुमच्या कदाचित लगेच लक्षात आलं असतं. मी मात्र हातातल्या पिशव्या मोजत वर जायचे.

अशात एके दिवशी आमच्याकडे ती गाडी आली.

दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात सामान पोचवणारं एक जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरला लागलं होतं. त्यावर बर्फावर चालणारी एक स्कूटर होती. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, आणि इंजिनाला टर्बो. म्हणजे धुराच्याच जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. जहाजाच्या मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, तक्रार सांगितली. तिथे बर्फावर अंगठ्याने थ्रॉटल दाबला की गाडी जोर धरायच्या ऐन क्षणी अडखळते. एकदा तर चढावर बंदच पडली आणि वारं सुटायच्या आत माणसाला पायी परतावं लागलं.

आमचा बॉस म्हातारा चिनी गृहस्थ. घामाने भिजलेल्या बनियनमध्ये तो त्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. "चीफ आ, स्नो स्कूटर. कॅन ऑर कॅनॉट?"

"कॅन," चीफ म्हणाले. त्यांचा पालथा हात आधीच पुढे गेला होता.

गाडीची मागची बाजू स्टँडवर उचलून त्यांनी इंजिन चालू केलं. थ्रॉटल दाबला की ते गुदमरायचं, खोकायचं, काळपट धूर टाकायचं. चीफनी एअर बॉक्स उघडला, टर्बो उतरवून साफ केला, तरी खोकला तसाच. मग त्यांनी कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल थोडं कमी केलं. आणखी थोडं कमी केलं. आणि इंजिन असं खुललं की वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम टाकून बघायला आले. अंगठा टेकवायचा अवकाश, रबरी पट्टा गरगर फिरत होता.

बॉसने मेटला फोन केला. उद्या दुपारी न्यायला या. जहाज संध्याकाळी निघणार होतं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर चीफ आमच्याकडे पाणी प्यायला आले. मी पोह्यांसाठी फ्रीझरमधून मटार काढत होते. पिशवीला लावलेलं रबरबँड ओढलं तर ते ताणलंच नाही, काडीसारखं तुटलं. मी दुसरं शोधायला वळले. मागे वळून बघते तर चीफ ते तुकडे हातात घेऊन उभे. चक्क एका जागी उभे.

"वहिनी, आपण सिंगापूरचं इंजिन दुरुस्त केलं. बर्फावरचं नाही."

"म्हणजे?"

"इथली हवा गरम, म्हणून पातळ. तिला पेट्रोल कमी लागतं. गाडी बर्फासाठी लावलेली, म्हणून इथे खोकत होती. तो आजार नव्हताच. मी पेट्रोल कमी केलं. तिकडे गार, दाट हवा येईल आणि पेट्रोल पुरणार नाही. इंजिन तापून जाम होईल." ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागले. "वाऱ्यात, कोसभर लांब, एकटा माणूस. आणि खरा आजार तसाच आत. थंडीत या रबरासारखं काहीतरी तुटत असणार."

पोहे त्यांनी खाल्ले नाहीत.

सकाळी बॉस वैतागला. "यू से ओके ऑलरेडी, व्हॉट."

"चुकलो," चीफ म्हणाले. "दुपारपर्यंत वेळ दे." शरमायलाही ते थांबले नाहीत. पेट्रोल होतं तसं पूर्ववत करून त्यांनी गाडीतले सगळे रबरी पाइप उतरवायला घेतले. कोणता कुठला हे विसरू नये म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी बांधण्याचं काम माझं. शेजारीच गोठवलेल्या मासळीचं कोल्ड स्टोअर होतं. तिथल्या मॅनेजरला चीफनी पूर्वी कधीतरी कॉम्प्रेसर दुरुस्त करून दिला होता. त्याने आम्हाला दोन जाड जॅकेटं दिली, वर "फिश डोन्ट टच हां, लेडी" अशी तंबीही.

आत श्वासाची वाफ होत होती. पाइप बर्फाळ फळीवर ठेवून आम्ही पाय आपटत उभे राहिलो. ते पुरेसे गारठल्यावर चीफनी पहिला उचलला, वाकवला, एक टोक अंगठ्याने दाबून दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. पुन्हा मारली. आणि ते मासळीच्या खोक्यावर बसले.

मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा. ओठ निळसर झाले होते.

"थंडी," ते म्हणाले.

"थंडी मलाही आहे."

"तुम्ही फुंका. मी गाल लावतो. गालाला हाताहून लवकर कळतं." तोंड वळवून ते थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिले. "फुंका ना वहिनी, जहाज थांबणार नाही."

मी फुंकत गेले. ते बसल्या जागी प्रत्येक पाइपाच्या लांबीवरून गाल फिरवत गेले. जाड पाइप सगळे धड निघाले. शेवटी राहिला एक बारकासा, टर्बोचा दाब कार्ब्युरेटरच्या वाटीपर्यंत पोचवणारा. तो दाब पोचला नाही तर जोर लावायच्या क्षणी पेट्रोल आत चढत नाही. मी फुंकलं आणि चीफचे डोळे मिटले.

"इथे."

वाकवलेल्या जागी केसासारखी चीर उघडली होती. आम्ही तो पाइप बाहेर आणून बॉससमोर धरला. तोवर रबर मऊ पडलं होतं. वाकवलं, फुंकलं, काही नाही. चीर बंद.

"व्हेअर गॉट होल?" बॉस म्हणाला.

चीफ मराठीत मलाच म्हणाले, "माझ्या आईचा गुडघा असाच होता. डॉक्टरच्या दारात गेलं की दुखायचा थांबायचा." मग त्यांनी बॉसला हाताला धरून मासळीत नेलं आणि चीर दाखवून आणलं.

थंडी सोसणारा नवा पाइप बसवला, तोही आधी गारठवून, फुंकून. दुपारी मेट आला. त्याच्यासमोर इंजिन सुरू केलं, तर ते पहिल्या दिवशीसारखं खोकलं. मेटने चीफकडे पाहिलं, बॉसने माझ्याकडे.

"काल ही इथे झकास चालत होती, तेव्हा चूक होती," चीफ त्याला इंग्रजीत म्हणाले. "आज खोकतेय, म्हणजे बरोबर आहे. बर्फावर उतरव, मग दाब." आणि आदल्या दिवशी आपण काय चुकलो तेही त्यांनी पूर्ण सांगितलं. मेटने ताब्याचा कागद पुढे ओढला. मग त्याने सही केली. मला वाटतं, चूक ऐकली म्हणूनच केली.

परतताना कंपनीच्या बसमध्ये चीफ नेहमीप्रमाणे दांडीला धरून उभे होते. क्वीन्सटाउनला लिफ्टमधून बाहेर पडलो, जिना चढू लागलो. निम्म्यावर ते थांबले आणि पाइपाकडे वळले.

"चीफ," मी म्हटलं, "आधी हवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाइपावरचा गंज नखाने खरवडत राहिले. "डॉक्टरने बघितलं की समुद्र संपला, वहिनी. मला माहीत आहे ते."

"आणि नाही बघितलं तर?"

खालून कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. "कधीची वेळ घेताय?" ते म्हणाले.

मी दुसऱ्याच दिवशीची घेतली. पुढचा आठवडा येऊ दिला नाही.

हृदयाची झडप गळत होती. सांगताना त्यांना हसू आलं. "व्हॉल्व्ह! इतके बदलले आयुष्यात." समुद्र त्याच दिवशी संपला. ऑपरेशन मुंबईला, मग भुसावळला भावाकडे, असं ठरलं. निळी बॅग भरलेलीच होती.

निघायच्या दिवशी तो चिरलेला पाइप त्यांनी मला दिला. "फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलात तर खोटं बोलेल." चांगी विमानतळावर ते सरकत्या जिन्यावर चढले. एरवी त्यावरूनही ते पायऱ्या चढत जायचे. त्या दिवशी दांडी धरून, जिना नेईल तसे गेले.

पुढे जहाजाकडून फॅक्स आला. गाडी चढावर अडखळली नव्हती. मी भुसावळला फोन लावून तो वाचून दाखवला. मागे रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"आणि तुमची झडप कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. पण वहिनी, इथे सगळे मला बस बस म्हणतात हो."

दोनेक वर्षं ते फोनवर भेटत राहिले. मग एकदा फोन त्यांच्या भावाने उचलला.

त्या संध्याकाळी मी फ्रीझर उघडला. मटारांच्या मागे तो पाइप होता, लाकडासारखा कडक. मी तो वाकवला, एक टोक अंगठ्याने दाबलं आणि फुंकलं. मग गाल लावून पाहिला. बारीक, गार वारा लागला. पुन्हा फुंकलं. खिडकीपाशी येईतो रबर हातात मऊ पडलं, आणि गालाला काहीच लागेना.