लाहू मुकादमाला सूज बघायची होती

बोर्डीच्या चिकूवाडीत लाहू मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा, तो टेम्पो भरेपर्यंत. मनाने वाईट नव्हता. पण डोळ्यांना दिसल्याशिवाय दुखणं खरं मानायचं नाही, ही त्याची खोड. कुणाला जखम झाली, तरी फडकं सोडायला लावून बघणार.

लडक्या हा त्याचा थोरला चुलतभाऊ; दोघंही तलासरीकडच्या एकाच पाड्यावरचे. लडक्या सगळ्यांत उंच, म्हणून जुन्या झाडांचे शेंडे आणि चिकू उतरवायची, टोकाला जाळी बांधलेली सर्वांत लांब काठी वीस वर्षं त्याच्याच वाट्याला. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "लाहू, हात वर नेला का खांदा दुखतो. मना खालच्या फांद्या दे."

"मग सूज कुठं हाय? काढ शर्ट, दाखव सगळ्यांना."

लडक्याने खरंच शर्ट काढला. सूज नाही, लाली नाही. "नवरदेवाचा खांदा हाय हा!" लाहू म्हणाला आणि सगळी वाडी हसली. त्यानंतर लडक्याने तक्रारीचा शब्द काढला नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊन तो काठी पेलत राहिला.

गेल्या सोमवारी काठी हातून सुटली आणि हात वर जाईचना. तेव्हा कुठे लाहू त्याला डहाणूच्या दवाखान्यात घेऊन गेला.

रुचिका डॉक्टरांनी खांदा तपासला. "यात बऱ्याचदा सूज नसतेच," त्या म्हणाल्या. "स्नायूला हाडाशी बांधणारा दोर असतो, तो झिजतो. वय वाढतं, हात सारखे डोक्याच्या वर, आणि झीज भरून यायला सवडच नाही. मग आतल्या आत धागे सुटतात. वेळेवर आराम दिला, तर व्यायामाने पुष्कळ सुधारतं. दुखणं दाबून काम रेटलं, तर दोर तुटतोसुद्धा. म्हणून नीट सांगा, किती दिवस झाले?"

लडक्याने आधी लाहूकडे पाहिलं. मग घाईघाईने म्हणाला, "चार दिवस, बाई. त्याआधी काय नाय."

डॉक्टर तेवढंच लिहू लागल्या. लाहूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं दुखणं अंगावर काढलेला हा माणूस डॉक्टरांसमोरही आपल्यालाच भितोय!

"खोटं हाय," लाहू कसाबसा म्हणाला. "दोन वर्षं झाली, बाई. यानं सांगितलं होतं. मीच याला सगळ्यांपुढं उघडा केला."

लडक्याचा चेहरा उतरला. लाहू रागावलाय, एवढंच त्याला कळलं.

"लाहू, उद्या येतो ना मी कामावर," तो विनवू लागला.