घरचं पाणी

गोमाबाबा हिलम पाण्याजवळ गेला की आधी खाकरायचा. तळं असो, डोह असो, नाहीतर कातळाच्या खोबणीत साचलेलं ओंजळभर पाणी असो. जावयानं सासुरवाडीच्या दारात खाकरावं तसा दोनदा खाकरणार, मगच पाऊल पुढं. पहिल्या दिवशी मी हसलो. तो म्हणाला, "हसतोस कशाला साहेब? आतमंदी कोन कोन बसलेलं असतं. त्याला सांगून जावं." एवढ्यात माझ्या बुटाशेजारच्या दगडाखालून हातभर लांब दिवड सळसळत पाण्यात शिरलं. त्यानंतर मीही खाकरायला लागलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एका सरकारी खात्यात हंगामी आरेखक होतो. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम हातात द्यायचा, म्हणजे माणूस कायमपणाचा हक्क सांगत नाही. पनवेलला एका खोलीत आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. आई रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का रे तुझं काही?" त्या प्रश्नाच्या धास्तीनं मी मुद्दाम उशिरा घरी जायचो. बरोबरीची मुलं कळंबोलीच्या लोखंडबाजारात चिकटून स्कूटर घेऊन हिंडत होती, आणि मी पाटीवर कागद लावून डोंगर चढत होतो.

काम असं, की पनवेलमागच्या डोंगरातल्या राखीव रानात जेवढी तळी, ओहोळ, डोह, झरे आहेत, ते शोधून नकाशावर मांडायचे. उन्हाळ्यात कुठं पाणी टिकतं ते जनावरांसाठी कळायला हवं होतं. वाटाड्या म्हणून मला गोमाबाबा मिळाला. साठीचा, काटकुळा, जातीनं कातकरी. रानाच्या काठाला अकरा घरांची त्यांची वाडी होती. दोन महिने मी त्याच्या मागं फिरलो आणि त्याची लेक बारकी हिच्या हातची तांदळाची भाकरी अन् चिंबोरीचं कालवण खाल्लं. सरकारी भत्त्यात एवढं चविष्ट जेवण बसत नाही.

पाणी शोधायचं त्याचं शास्त्र न्यारंच. "वर बगून पानी गावत नाय, खाली बग. चिंबोरीनं बीळ कुटवर खोल नेलंय ते बग." एखादा ओहोळ सरळ उतरताना दिसला की नाक मुरडायचा. "सरल चालतं ते पानी लवकर मरतं, साहेब. वाकडं चालतं ते जगतं." मी प्रत्येक डबकं कागदावर टिपायला लागलो की त्याला गंमत वाटायची. "तुजा नकाशा लय तहानलेला हाय. दिसेल ते पितो!"

चैत्रात आम्ही एका घळीत उतरलो. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, खाली कोरडा धबधबा, वर कोरडा धबधबा, आणि मधे भट्टीसारखे तापलेले धोंडे. माझा पाय मुरगळला. बाटलीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. दुपारपर्यंत मी बरळायला लागलो, म्हणे खालच्या धबधब्याच्या कड्याच्या टोकाशी जाऊन "आई, आलोच" असं ओरडत होतो. मला त्यातलं फक्त एवढं आठवतं, की आकाशाची एक चिंधी दिसत होती आणि मला खात्री पटली होती की मी इथून बाहेर पडत नाही.

कातकऱ्यांच्या त्या वाडीत एक रीत होती. वाडीचा एक झरा असतो, त्याला ते 'घरचं पाणी' म्हणतात. वैशाखात सगळं आटलं की अकरा घरं त्याच्यावर जगतात. परक्याला ते दाखवायचं नाही. परका तहानेनं आला तर त्याला झाडाखाली बसवायचं आणि वाळवलेल्या भोपळ्यातून पाणी आणून द्यायचं. पण मला कड्याच्या टोकाला एकटं सोडून गोमाबाबा पाणी आणायला जाणार कसा? त्यानं मला पाठीवर घेतलं आणि कपारीतून रांगत थेट घरच्या पाण्यावर नेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. गळ्याएवढं खोल, काळं, थंडगार पाणी समोर होतं. तो म्हणाला, "हे लिवू नको."

"नाही लिहीत, गोमाबाबा. आईची शपथ."

आणि मी लिहिलं. का लिहिलं म्हणाल, तर आमच्या खात्याचे मोठे साहेब नकाशा बघून म्हणाले होते, "ही सगळी पाणी जुन्या कागदांत आहेत हो. तुम्ही नवीन काय शोधलंत? कायम करायचं तर काहीतरी दाखवा." त्या संध्याकाळी मी तो झरा निळ्या शाईत काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नव्याने आढळला. वापरात नाही.' वापरात आहे म्हटलं असतं तर तो शोध कसला?

पुढच्या उन्हाळ्याआधी झऱ्याभोवती तारेचं कुंपण पडलं. जनावरांसाठी राखीव, माणसांना मज्जाव. वाडीतली माणसं जमली. मोठे साहेब जीपमधून आले, बरोबर मी. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळ्यांदेखत मला सरळ विचारलं, "हे लोक म्हणतात हे त्यांचं पिण्याचं पाणी आहे. वापरात होतं का? असेल तर फाटक ठेवू."

गोमाबाबा माझ्याकडे बघत होता. एका 'हो'चं काम होतं. पण 'हो' म्हणजे माझा शेरा खोटा, आणि खोटा शेरा म्हणजे पुन्हा ती खोली आणि आईचा तो प्रश्न. माझ्या तोंडून निघालं, "माझ्या पाहणीत वापर आढळला नाही, सर."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पानी दाखवलं कोनी?"

"मी," गोमाबाबा म्हणाला. "माजीच चूक." आपण लिहू नको म्हणून सांगितलं होतं, हे तो बोललाच नाही.

वाडीनं त्याच दिवशी निवाडा केला, ज्यानं पाणी दाखवलं त्यानं पाणी भरायचं. नदी खाली, अर्ध्या तासाची खडी चढण. दोन उन्हाळे तो म्हातारा खांद्यावर कावड घेऊन रोज प्रत्येक घरी एक हंडा पोचवत होता, आपल्या घरी सगळ्यात शेवटी. एकदा चढणीवर मला भेटला. मी कावडीला हात घातला, तर त्यानं तो अलगद बाजूला केला. "ऱ्हाऊ दे. तू कायम झालास का?"

"नाही अजून."

दम खात तो म्हणाला, "मासं धरायचा बांबूचा सापला असतो ना, मासा शिरतो तवा त्याला वाट दिसती. मागं फिरतो तवा काट्यांची टोकं दिसत्यात. तुजं तसं झालंय बग." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

यथावकाश मला कायमचा हुकूम मिळाला. आईनं पेढे वाटले. उद्या वाडीवर जाऊ, रविवारी जाऊ, सगळ्यांसमोर खरं सांगू, साहेबांनाही सांगू, असं घोकत राहिलो. आता नोकरीला धक्का लागणार नव्हता. तरी पाय उचलत नव्हता.

शेवटी वैशाखात गेलो. गोमाबाबाच्या दारात बारकी एकटीच बसली होती. तिनं मला ओळखलं, नदीचं गढूळ पाणी पेल्यातून दिलं.

"गोमाबाबा कुठं आहेत?"

"शिमग्याला गेला बाबा. चढनीवरच बसला, तो उठलाच नाय."

मला रडू फुटलं. मी म्हणालो, "बारके, चूक त्यांची नव्हती. ते मला म्हणाले होते..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "लिवू नको म्हनला व्हता ना? आमाला सगल्यांना म्हाईत हाय. मरायच्या आदल्या राती बाबानंच सांगितलं. म्हनला, साहेबाला कोनी काय बोलू नका. त्याची नोकरी अजून कच्ची हाय."

हुकूम मला दिवाळीतच मिळाला होता.