आदल्या संध्याकाळची हजामत

“मावशी, परत पू?”

“परत. नाक लावून बघा की. वासच सांगतोय सगळं.”

डॉक्टरीणबाईंनी नाक लावलं नाही. टेबलावर बेकरीवाल्याची कुत्री पोट वर करून पडली होती. टाके लाल होऊन फुगलेले. महिन्यातलं हे चौथं कुत्रं.

“आणखी एक बिघडलं तर ऑपरेशनं बंद,” बाई म्हणाल्या. “लोकांची जनावरं नासवायला दवाखाना नाही काढला मी.”

मावशी इथं अठरा वर्षं होती. कुत्री धरायची, केस भादरायची, हत्यारं उकळायची. कामाला चोख, जिभेला तिखट, आणि एखादी गोष्ट उमगली नाही तर घास गिळायची नाही. बाईंनी हातमोजे बदलले, धागा बदलला, फरशीचं औषध बदललं. पू काही हटेना. मावशीला मात्र भलतंच कोडं पडलं होतं. गाडीखाली सापडलेलं एक भटकं लंगडं कुत्रं चिखलानं माखून आलं, घाईघाईत टेबलावरच भादरून शिवलं, आणि आठ दिवसांत खडखडीत! आणि बेकरीवाल्याची ही लाडकी, आदल्या संध्याकाळीच भादरून, पुसून, कशी तयार ठेवलेली, तीच नासावी? उकिरडा साफ नि ताट किडकं, हे कसं?

आज ज्याचं ऑपरेशन, तो काळ्या नावाचा कुत्रा पिंजऱ्यात होता. पोटावर गाठ. त्यालाही मावशीनं काल संध्याकाळी वस्तऱ्यानं गुळगुळीत केलेलं. तिनं बाईंचं भिंग उचललं, काळ्याला उताणा केला आणि डोळा लावला. कातडीवर बारीक लाल ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.

तशीच ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. नवरा न्हावी. गिऱ्हाईकाच्या गालाला फेस लावत होता.

“काय हो, दाढीनंतर पुटकुळ्या कधी येतात?”

“अठरा वर्षं न्हाव्याशी संसार केलास, नि आत्ता विचारतेस?” तो हसला. “वस्तरा कितीही हलका फिरवा, कातडी खरवडतेच. लगेच दिसत नाही. रात्र गेली की लाल होतं.”

सकाळची धांदल नको म्हणून महिन्यापूर्वी आदल्या दिवशी भादरायची युक्ती मावशीनंच काढली होती. शाबासकीही घेतली होती.

परत येऊन तिनं भिंग बाईंच्या हातात दिलं.

“बघा. ओरखडे माझे, घाण त्यात रात्रभर मुरणार, नि वर तुम्ही सुरी चालवणार. धागा कशाला बदलताय? मला बदला.”

बाईंनी काळ्याच्या पोटावर भिंग धरून ठिपके बघितले. “तुला बदलून असं बघणारी कुठून आणू? काळ्याचं काय करायचं?”

“गाठ आठवडाभर थांबेल का?”

“थांबेल.”

“मग कातडी निवू दे. पुढच्या वेळी वस्तरा नाही, नुसती केस कापायची मशीन. तीही ऑपरेशनच्या तोंडावर, तुम्ही हात धुवायला गेलात की.”

टेबलावर बेकरीवाल्याची कुत्री कण्हली. “आले गं बाई,” म्हणत मावशीनं कोमट पाण्याचं भांडं ओढलं आणि तिची जखम धुवायला घेतली.