ओहोटीला जाणारी बाई

दोना लिंदाल्वाच्या, म्हणजे आमच्या लिंदाल्वाबाईच्या, हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली. पाहणीला आलेल्या पोरीने विचारलं आणि ही खरं बोलून गेली. मी शेजारीच बसले होते. अजूनही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रेसिफे शहरातले लोक आमच्या वस्तीला 'चिखल' म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांचे तीस-तीस मजले ज्या जमिनीवर उभे आहेत, तीही कालपरवापर्यंत खारफुटीच होती. फरक एवढाच, की तिच्यावर भर घालताना त्यांच्या आईची कंबर मोडली नाही. लिंदाल्वाच्या आईची मोडली. उसाच्या मळ्यावरून हाकलून दिलेली माणसं ही, त्यांना शहरात कोरडी जागा कोण देणार? त्यांनी खाडीत खांब रोवले, वर खोपटं बांधली, आणि खाली शिंपले, लाकडाचा भुसा, पडक्या भिंतींचे तुकडे असं जे मिळेल ते टाकत पाण्याची जमीन केली. सहा वर्षांच्या लिंदाल्वाच्या डोक्यावर तेव्हापासून शिंपल्यांची टोपली. माझी पोरं आज ज्या गल्लीतून शाळेत जातात, ती गल्ली या मायलेकींनी टोपली टोपलीने भरलेली आहे. पाटी मात्र लागली कुठल्याशा नगरसेवकाच्या नावाची. तो गल्लीत आला होता फक्त पाटी लावायला.

ओहोटी लागली की आमच्या बायका निघायच्या, पुढे लिंदाल्वा. सुरुरू म्हणजे चिखलात रुतून बसणारा बोटभर काळा शिंपला. तो काढायचा तर गुडघ्यांवर रांगत हातांनी चिखल उपसावा लागतो. डास फोडून खातात, म्हणून अंगाला रॉकेल फासायचं. घरी आल्यावर पत्र्याच्या डब्यात उकळायचा आणि एकेक सोलायचा. नारळाच्या दुधातलं ते कालवण शहरातल्या हॉटेलांत लोक मिटक्या मारत खातात, आणि बाहेर पडताना नाकाला रुमाल लावून आमच्या पुलावरून जातात.

लिंदाल्वाचा नवरा जेनिवाल होडी घेऊन जायचा. तो मच्छीमार. नदीच्या वरच्या अंगाला एका साखर कारखान्याने मळी सोडली, की पाणी काळं पडायचं, मासे पोट वर करून तरंगायचे आणि जेनिवाल दोन-दोन आठवडे दारात सिगरेटी ओढत बसायचा. तेव्हा पाच मुलांची तोंडं कोण भरत होतं? लिंदाल्वा. तरी मच्छीमार तोच! आमच्याकडे बोलायची रीतच तशी. पुरुष मासेमारी करतात, बायका 'ओहोटीला जातात'.

चार वर्षांपूर्वी श्रीमंतांच्या शौकाच्या बोटींसाठी आमच्या काठावर धक्का बांधायचं ठरलं. आधी पाहणी. एक गोड बोलणारी पोरगी कागद घेऊन दारोदार आली. लिंदाल्वाच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जणी सुरुरू सोलत होतो.

"आजी, तुम्ही मासेमारी करता?"

"छे गं! मी कुठली? ती आमच्या ह्यांची. आता त्यांचीही कंबर धरलीय, बसलेत घरात हुकूम सोडत."

"मग तुम्ही काय करता?"

"मी ओहोटीला जाते."

पोरगी हसली. "फिरायला?"

"हो, फिरायला! गुडघ्यांवर!"

आम्ही सगळ्याच खो खो हसलो. पोरीने 'गृहिणी' असं लिहिलं आणि लिंदाल्वाचा अंगठा घेतला. ते मी वाचलं. मी चौथी शिकलेय, वस्तीचे कागद मीच वाचून दाखवते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्याही कागदावर तेच लिहिलं होतं. त्या दिवशी वस्तीतल्या एकशे चाळीस बायकांनी एकच उत्तर दिलं.

मग चर्चच्या सभागृहात सभा झाली. इस्त्रीच्या शर्टातल्या साहेबांनी अहवाल वाचला: पुरुषांच्या होड्यांना दुसरीकडे जागा मिळेल, पुलाजवळचा चिखल मात्र कोणीच वापरत नाही, जागा मोकळी आहे.

लिंदाल्वा उठली. "मोकळी? साहेब, बावन्न वर्षं मी त्या जागेवर रांगतेय."

"पण आजी, तुम्हीच सांगितलंय, मासेमारी करत नाही म्हणून. हा बघा तुमचा अंगठा."

"तुम्ही माशांचं विचारलंत. शिंपल्याला काय शेपूट असतं?"

सगळे हसले. साहेबही हसला, आणि माझं डोकं फिरलं. हसायला याच्या बापाचं काय गेलं होतं? पोटावर पाय आमच्या! मी ओरडले, "दुरुस्त करा ते आत्ताच्या आत्ता!" तो शांतपणे म्हणाला, "अर्ज द्या. नियमाप्रमाणे होईल."

नियमाप्रमाणे झालं. अर्ज दिला, शिक्का नाही म्हणून परत आला. शिक्का आणला, तर होडीचा क्रमांक मागितला. होडी जेनिवालच्या नावावर, बाईच्या नावाची कुठून आणायची? शेवटी अकरा महिन्यांनी लिंदाल्वाचं फोटोवालं कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं, 'मच्छीमार'. तोवर गाळ उपसायच्या यंत्राने तो काठ खणून बार्जमधून समुद्रात नेऊन टाकला होता. तिथे आता चार पुरुष खोल पाणी आहे आणि कडेने तारेचं कुंपण.

"चला, म्हातारपणी बारसं झालं माझं," एवढंच ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात ती दोन बस बदलून दक्षिणेकडच्या खाडीवर गेली. संध्याकाळी परत आली तर बादली रिकामी. तिथल्या बायकांनी चिखलात उतरूच दिलं नव्हतं, म्हणे ही आमची ओहोटी. माझा संताप संताप झाला.

"कसल्या माजोरड्या बायका गं! कार्ड फेकायचंस त्यांच्या तोंडावर!"

"कशाला? त्यांचं बरोबर आहे, झुली. तेवढ्याशा चिखलात तीस जणी आहेत." ती पायरीवर बसून पाय धुवायला लागली.

"मग एवढा उशीर कुठे केलास?"

"बसले होते त्यांच्यातच. विचारलं, तुम्ही काय करता गं? सगळ्या म्हणाल्या, ओहोटीला जातो. मग एकेकीकडून घोकून घेतलं, 'मी मासेमारी करते.' एक म्हातारी ऐकेचना. म्हणाली, पुरुषांसारखं कसं बोलू, लाज वाटते. तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, तेव्हा उठले."