नवा प्रोसेसर येईपर्यंत

सुनंदाने की दाबली. स्क्रीनवर काही उमटलं नाही. तिने तीच की परत दाबली. तरी काही नाही. मग एकदम दोन्ही अक्षरं आली, पाठोपाठ मधल्या वेळात दाबलेली चार-पाच अक्षरं आली, आणि ओळीचा पार चुथडा झाला. ती बॅकस्पेस मारत मागे गेली. तोवर स्क्रीन पुन्हा गोठली.

मी लॅबच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहून हे बघत होते. परीक्षेच्या दिवशी हार्डवेअर बघणारा माणूस सेंटरवर हजर लागतो, पण निरीक्षकांनी बोलावल्याशिवाय त्याने आत पाऊल टाकायचं नाही. सुनंदाने हात वर केला. निरीक्षक साहेब तिच्याजवळ गेले, स्क्रीनकडे बघितलं. नेमकी त्याच वेळी स्क्रीन पुन्हा चालू झाली होती. त्यांनी हाताने 'चालू ठेवा' अशी खूण केली आणि ते पुढे गेले. वेळ संपल्यावर स्क्रीन आपोआप बंद झाली. तिचा उतारा निम्म्यावर राहिला होता.

माझं बारामतीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्रीपेक्षा एएमसीचं काम जास्त. एएमसी म्हणजे एखाद्या संस्थेचे सगळे कॉम्प्युटर वर्षभर सांभाळायचा करार. इंदापूरचं हे टायपिंग सेंटर त्यातलंच एक. ते वसंततात्या चालवतात. लोखंडी टाइपरायटरच्या काळापासून त्यांचा क्लास आहे. तालुक्यातले कितीतरी क्लार्क त्यांच्या हाताखाली शिकून नोकरीला लागले. सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्रही त्यांच्याकडेच होतं. माणूस मनाने वाईट नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा तोल जाणार आहे.

सुनंदा पळसदेवची. तिचा नवरा एका सरकारी कार्यालयात शिपाई होता, तो अचानक गेला. कमावता माणूस नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला नोकरी देतात, तिला अनुकंपा म्हणतात. सुनंदा बारावी झालेली, म्हणून तिला क्लार्कची नेमणूक मिळाली. अट एकच. मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा ठरलेल्या मुदतीत पास व्हायची. नाही झाली तर नेमणूक रद्द. मुदतीच्या आत येणारी ही शेवटची परीक्षा होती. ऑफिस सुटलं की ती सेंटरवर यायची, सराव करायची आणि एसटीने गावी जायची. तिचा हात उत्तम बसला होता. मी तिथे मशीन दुरुस्तीला जायचे तेव्हा तिच्या बोटांचा आवाज ऐकलेला आहे. एका लयीत चालायचा.

मग परीक्षेत काय झालं? सरावाचं सॉफ्टवेअर हलकं असतं, परीक्षेचं जड. ते उमेदवारावर कॅमेरा चालू ठेवतं, दाबलेली प्रत्येक की नोंदवतं आणि ते सगळं सर्व्हरला पाठवत राहतं. त्याची नवी आवृत्ती आधीपेक्षाही जड आली होती. तात्यांची मशीनं जुनी. प्रोसेसर जुना, रॅम कमी, हार्ड डिस्क घरघरणारी. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप. रॅम म्हणजे काम चालू असताना सामान मांडायची जागा. जागा कमी पडली की मशीन सामान डिस्कवर नेऊन ठेवतं, परत आणतं, आणि त्या ये-जा करण्यात अडकून बसतं. परीक्षेआधीच्या चाचणीतच मी हे तात्यांना दाखवलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी कोटेशन दिलं होतं. साधी मशीनं, मधल्या दर्जाचा प्रोसेसर, पुरेशी रॅम. टायपिंगला याहून जास्त काही लागत नाही.

तेव्हा तात्या म्हणाले, "ताई, जरा दम धरा. दिवाळीत नवा प्रोसेसर येतोय म्हनं."

"कोण म्हणतं?"

"पुतन्या. पुन्यात कंपनीत हाय ना. त्यानं व्हिडिओ पाठवलाय, बघा की."

मी बघितला. जांभळ्या उजेडात बसलेला एक तरुण हातवारे करून सांगत होता की येणारी चिप आताच्या चिपला झोपवणार आहे. खाली मोठ्या अक्षरात 'लीक'. लीक म्हणजे कंपनीने न सांगितलेली, कुठून तरी फुटलेली बातमी. तिची जबाबदारी कुणावरच नसते. खरी ठरली तर 'मी म्हटलं नव्हतं का', खोटी ठरली तर दुसरा व्हिडिओ.

दिवाळी गेली. मग तो प्रोसेसर नव्या वर्षात येणार असं ठरलं. मग उन्हाळ्यात. तात्यांनी एकदा पुतण्याला स्पीकरवर घेतलं.

"मॅडम, आता घेणं म्हणजे पैसे वाया. पुढच्या पिढीत सॉकेट बदलणार आहे," तो म्हणाला. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच. ती बदलली की जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाही.

"बदलू दे की," मी म्हटलं. "इतकी वर्षं हे काम करतेय. शाळा, पतसंस्था, दवाखाने, सगळीकडे जाते. मशीन उघडून नुसता प्रोसेसर बदलून घेतलेली एकही संस्था मला भेटली नाही. लोक मशीन घेतात आणि ते मरेपर्यंत वापरतात."

"पण एआय? पुढच्या चिपमध्ये एआयसाठी वेगळा भाग असणार आहे."

"मिनिटाला तीस शब्द टाइप करायचेत. त्यात एआय काय करणार?"

त्याला तेवढ्यात मीटिंग आली.

मग मी माझी मागणी खाली आणली. म्हटलं, "तात्या, नवी मशीनं राहू द्या. आहेत त्यातच रॅम वाढवू, एसएसडी टाकू." एसएसडी म्हणजे जुन्या घरघरत्या डिस्कच्या जागी बसणारी, पटकन काम करणारी डिस्क. तेवढ्यावर परीक्षा निभावली असती.

तात्या म्हणाले, "आता जुन्यावर खर्च कशाला करायचा? नवीन येतंयच की."

या वाक्याने माझं डोकं फिरतं. नवीन येणार म्हणून नवीन घ्यायचं नाही, आणि नवीन येणार म्हणून जुनं दुरुस्तही करायचं नाही. मग आज बसलेल्या माणसाने काम कशावर करायचं? हे मी एकट्या तात्यांकडून ऐकलेलं नाही. भिगवणपासून बारामतीपर्यंत प्रत्येक चेअरमनच्या केबिनमध्ये ऐकलंय. त्या केबिनमध्ये एसी असतो, हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर येणाऱ्या चिपचं भविष्य चालू असतं. आणि बाहेर खिडकीवर क्लार्क अडकलेल्या स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत बसलेली असते, तिच्यासमोर लोकांची रांग. पुढे तर रॅमचे भावच चढले. पुतण्या म्हणाला, ते उतरेपर्यंत थांबा.

तर परीक्षेचा दिवस. सुनंदा बाहेर आली. रडत नव्हती. दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभी राहिली.

"म्याडम, बोटं चालत व्हती माझी. स्क्रीनच चालत न्हवती."

"मी बघितलं," मी म्हटलं.

"मग तुमी सांगा की आत. माझं कुनी ऐकंना. पोरांना काय सांगू मी घरी?"

तिला बाकावर बसवलं आणि केबिनकडे निघाले, तर तात्यांनीच मला आत बोलावून दार लोटलं. प्रत्येक बॅचनंतर केंद्राचा अहवाल जातो. त्यात मशीन बघणाऱ्याने मशीनं ठीक होती की नव्हती हे लिहून द्यायचं असतं.

"ताई, दोन वळी लिवा. मशिनी ठीक व्हत्या. बाई घाबरली, बास."

"तात्या, ती घाबरली नव्हती."

"अवो, परीक्षेत घाबरत्यातच बाया. पुढच्या टायमाला बसंल की परत."

"तिची मुदत संपतेय. पुढची परीक्षा तिच्या कामाची नाही. तुम्हाला माहीत आहे हे."

तात्यांनी टेबलावरची फुलदाणी उगाच सरकवली. "केंद्र गेलं तर माझं आयुष्यभराचं नाव जातंय. आन् मग एएमसीचं बी मला बघावं लागंल. समजून घ्या."

धंद्यात अशी धमकी नवी नाही, ती मी गिळली असती. पण 'बाई घाबरली' हे मला गिळता येईना. नवरा गेल्यावर जिने वर्षभर ऑफिस आणि एसटी आणि सराव असं रेटलं, तिच्या माथी स्वतःच्या मशीनचा दोष मारायचा, आणि तोही माझ्या सहीने! मी दार उघडलं आणि थेट निरीक्षकांकडे गेले. ते पुढच्या बॅचच्या तयारीत होते.

"साहेब, त्या मशीनवर पुढचा उमेदवार बसवू नका. आधी तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्ही. डेमो उतारा लावा आणि टाइप करा. कॅमेरा वगैरे सगळं चालू ठेवून."

त्यांना ते आवडलं नाही, पण बसले. टायपिंग त्यांना चांगलं येत होतं. पहिली ओळ व्यवस्थित आली. दुसरीही. मागे येऊन उभे राहिलेले तात्या म्हणाले, "बघा साहेब, ठीक तर हाय."

साहेबांनी हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं.

"थांबू नका," मी म्हटलं. "ती रॅम भरायला वेळ लागतो. उतारा संपेपर्यंत टाइप करा."

त्यांनी सुस्कारा सोडून परत सुरुवात केली. आणखी एक परिच्छेद गेला. मशीन नेमकं आत्ताच शहाण्यासारखं वागलं तर? मग एक जोडाक्षर अडकलं. साहेबांनी की परत दाबली. मग आणखी एकदा. पुढचे दोन शब्द ते न बघता टाइप करून गेले आणि स्क्रीनवर काहीच नव्हतं. खुर्चीत ते पुढे सरकले. मग सगळी अक्षरं एका दमात आली, तीनदा दाबलेलं अक्षर तीनदा आलं, आणि परत सगळं गोठलं. त्यांचा चेहरा लाल झाला. थोड्या वेळापूर्वी सुनंदा जे करत होती तेच ते करत होते. बॅकस्पेस मारत मागे जात होते.

त्यांनी कीबोर्ड ढकलला. "हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

तात्या म्हणाले, "नव्या मशिनी घ्यायच्याच हायत, साहेब. फकस्त जरा चांगला प्रोसेसर येतोय म्हनून..."

"कधी?"

तात्यांनी मोबाइल काढून पुतण्याचा व्हिडिओ शोधायला घेतला.

माझा तोल तिथे सुटला. "तात्या, तो प्रोसेसर अजून आलेला नाही. पण त्याच्या नादात सुनंदाची नोकरी जायची वेळ आली. पुतण्याला विचारा, तिला पगार तो देणार का?" लॅबच्या दारात पुढच्या बॅचची मुलं-मुली उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकू दे म्हटलं.

साहेबांनी पुढची बॅच थांबवली. माझा अहवाल मी तिथेच टेबलावर लिहिला, मशीनमध्ये काय कमी आहे ते साध्या भाषेत. त्यांनी खाली स्वतःचा अनुभव लिहून सही केली. लॅबमधली सगळीच मशीनं तसली, म्हणून सुनंदाच्या बॅचमधल्या सगळ्यांची परीक्षा बारामतीच्या दुसऱ्या केंद्रावर परत घ्यायचं ठरलं, आणि ती याच परीक्षेत धरली गेली. त्यामुळे तिची मुदत वाचली. तात्या त्या दिवशी सुनंदाच्या समोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा खाली बघत.

बारामतीची मशीनं काही नवी नव्हती. दोन-तीन पिढ्या मागचा प्रोसेसर, पण रॅम पुरेशी आणि एसएसडी टाकलेली. सुनंदा पास झाली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. "म्याडम, झालं हो!" एवढंच म्हणाली. तिची नेमणूक कायम झाली.

माझी एएमसी गेली. तात्यांच्या केंद्राची परवानगी मशीनं बदलेपर्यंत थांबवली आहे. त्यांचे विद्यार्थी परीक्षेसाठी आता बारामतीला येतात, येण्या-जाण्यात अख्खा दिवस घालवतात. तासाभराच्या परीक्षेसाठी आई-बाप शेतातलं काम टाकून पोरींसोबत येतात. याचाही मला तेवढाच राग येतो.

मध्यंतरी इंदापूरच्या एका लग्नात तात्या भेटले. मीच वाकून नमस्कार केला, वयाने मोठे आहेत. मग विचारलं, "घेतली का मशीनं?"

"घ्यायचीच हायत," ते म्हणाले. "पन ताई, आता जो यील बघा, त्याच्या फुडचा तर लईच भारी हाय म्हनं."

मी पंगतीला जाऊन बसले.

आता कुणी कोटेशन मागायला दुकानात आलं, की मी एवढंच सांगते. काम अडलं असेल तर आज बाजारात आहे ते घ्या. नसेल अडलं तर घेऊ नका. येणाऱ्या मशीनचं मला विचारू नका, कारण येणाऱ्या मशीनवर आजवर कुणी एक ओळसुद्धा टाइप केलेली नाही.